दाढेतली चांदी

मोहाडीला आमच्या मोठ्या मायच्या उजव्या हाताला दोन वर्षांपासून कंप आहे. हात मांडीवर निवांत ठेवला की अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर फिरत राहतात, जशी काही ती अजून मागाशेजारी बसून कांडीचा धागा चाचपतेय. उभी हयात कोशाच्या कांड्या भरण्यात गेली, त्यामुळे सुरुवातीला घरच्यांना ती जुनी सवयच वाटली. मागच्या नवरात्रात, चौंडेश्वरीच्या देवळात गर्दी असताना, शेजारच्या पोरानं मोबाईलवर आलेला एक संदेश तिला वाचून दाखवला. दाढेत भरलेल्या चांदीत पारा असतो, तो मेंदूत चढतो, त्यातून कंपवात होतो, विसराळूपणा येतो, तेव्हा चांदी लगेच काढून घ्या. मोठ्या मायच्या तोंडात अशा दोन दाढा आहेत. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात चाळीसेक वर्षांपूर्वी भरलेल्या. तिनं मला विचारलं, "काहून रे बापू, हे चांदीच माह्या डोक्यात गेली म्हनते ना?"

मी डॉक्टर नाही. पण लिहिण्यावाचण्याचा धंदा असल्यानं उत्तर शोधायची जबाबदारी आलीच. शोधता शोधता लक्षात आलं की हा प्रश्न पावणेदोनशे वर्षं जुना आहे आणि त्यावर दंतवैद्यांची एक अख्खी संघटना मोडली आहे.

आधी ती चांदी म्हणजे काय ते पाहू. जिला आपण चांदी म्हणतो तिच्यात वजनानं जवळपास निम्मा पारा असतो. उरलेल्या निम्म्यात चांदी, कथील, तांबं आणि कधीकधी थोडं जस्त. या धातूंची पूड पाऱ्यात कालवली की लोण्यासारखा मऊ गोळा होतो. तो दाढेच्या खड्ड्यात दाबून बसवतात, कोरून आकार देतात, आणि एका दिवसात तो दगडासारखा टणक होतो. यात आपल्याकडच्या माणसाला नवल वाटायचं कारण नाही. जत्रेत मिळणारं पारद शिवलिंगही पारा दुसऱ्या धातूंत बांधूनच केलेलं असतं. मोहाडीहून फार लांब नसलेल्या रामटेकच्या डोंगरात रससिद्ध नागार्जुनाची गुहा दाखवतात. पाऱ्याला बांधायचं कसं यावर रसशास्त्रानं जेवढा खल केला तेवढा क्वचितच कुणी केला असेल, आणि इथे खल हा शब्द मी दोन्ही अर्थांनी वापरतोय. कारण वैद्य ज्या खलबत्त्यात पारा आणि गंधक घोटून कज्जली करतो, तसलाच लहानसा खल परवापरवापर्यंत दातांच्या दवाखान्यातही असायचा.

चीनमध्ये इ.स. 659 च्या एका औषधिग्रंथात दातासाठी चांदीच्या लगद्याचा उल्लेख येतो. पश्चिमेत त्याचा बोलबाला झाला तो क्रॉकूर नावाच्या दोन भावांमुळे. 1833 साली ते न्यूयॉर्कला उतरले आणि चांदीच्या नाण्यांचा कीस पाऱ्यात कालवून, त्याला राजेशाही थाटाचं नाव देऊन, लोकांच्या दाढा भरू लागले. किडलेला भागही धड साफ करत नसत. सोन्याचा पत्रा ठोकून दाढ भरणाऱ्या प्रतिष्ठित दंतवैद्यांचं पित्त खवळलं. अमेरिकेतल्या त्यांच्या संघटनेनं 1840 च्या दशकात सभासदांकडून पारा न वापरण्याची शपथ लिहून घ्यायला सुरुवात केली. पण सोनं परवडणारे किती? गिऱ्हाइकांनी स्वस्त चांदी उचलून धरली, सभासद गळत गेले, आणि 1856 मध्ये संघटनाच बंद पडली. मला या भांडणातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. पारा विषारी आहे हे तेव्हाही खरं होतं आणि सोनेवाल्यांचा धंदा बुडत होता हेही खरं होतं. पुढच्या प्रत्येक वादात विज्ञान आणि गल्ला असेच हातात हात घालून येतात.

1926 साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टॉक यानं स्वतःची कहाणी छापली. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पाऱ्याच्या वाफेत काम करून त्याची डोकेदुखी आणि विस्मरण इतकं वाढलं होतं की रोजचं काम जमेना. कारण कळल्यावर त्यानं दाढेतल्या पाऱ्याकडेही बोट दाखवलं. 1990 च्या डिसेंबरात अमेरिकेच्या '60 मिनिट्स' या कार्यक्रमानं हाच विषय घरोघरी पोचवला आणि चांगल्या दाढा उकरून घ्यायला रांगा लागल्या. त्या लाटेचा म्होरक्या, कोलोरॅडोचा हल हगिन्स, याचा दंतवैद्यकीचा परवाना 1996 मध्ये रद्द झाला. मोहाडीच्या मोबाईलवर आलेला संदेश बहुधा त्याच लाटेचा तीस-पस्तीस वर्षं उशिरा पोचलेला शिंतोडा आहे.

म्हणून पाऱ्याला निरपराध म्हणायचं का? मुळीच नाही. पारा मज्जासंस्थेचा शत्रू आहे याबद्दल कुणाचंच दुमत नाही. फेल्टच्या टोप्या करणारे कारागीर पाऱ्याच्या क्षारानं जनावरांची फर भिजवायचे. त्यांचे हात थरथरत, स्वभाव चिडका आणि बुजरा होई. जपानमधल्या मिनामाताच्या उपसागरात चिस्सो कंपनीचं सांडपाणी जात होतं. 1956 मध्ये तिथल्या कोळी वस्त्यांत माणसं लटपटू लागली, मुलं व्यंग घेऊन जन्माला आली. पण पारा तीन सोंगं घेतो आणि तिन्हींची करणी वेगळी. थर्मामीटर फुटून गिळला गेलेला पातळ पारा आतड्यातून जवळपास तसाच बाहेर पडतो. त्याचीच वाफ श्वासातून गेली तर पाचातले चार भाग अंगात राहतात आणि मेंदूपर्यंत जातात. आणि पाणवठ्यातल्या गाळातले जिवाणू पाऱ्याचं मिथिल पारा करतात तेव्हा तो माशांत साठत जातो. मिनामातात माणसं मेली ती या तिसऱ्या सोंगानं. दाढेचा संबंध दुसऱ्याशी, म्हणजे वाफेशी. संदेशात मिनामाताचे फोटो लावून खाली दाढेची गोष्ट सांगतात ती गफलत इथे आहे.

दाढेतून वाफ सुटते हे खरं, आणि दंतवैद्यांच्या संघटना कितीतरी वर्षं ते मान्य करायला कां कूं करत होत्या हेही खरं. एका मोठ्या भरावात अर्ध्या ग्रॅमच्या आसपास पारा असतो. त्यातून बाहेर किती पडतो? अमेरिकी सरकारच्या हिशोबानं, सात ते दहा दाढा भरलेल्या माणसाच्या अंगात रोज 1 ते 5 मायक्रोग्रॅम. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. अमेरिकी सैन्याशी संबंधित अकराशेहून जास्त पुरुषांची लघवी तपासली तेव्हा भरलेल्या दर दहा पृष्ठभागांमागे लिटरला साधारण एक मायक्रोग्रॅम पारा वाढलेला दिसला. कारखान्यातल्या कामगारांना उघड कंप सुटतो तो शंभराच्या वर. बारीक तपासण्यांत फरक दिसायला लागतो तो तीस-पन्नासाच्या पुढे. दोन दाढांचं गणित यात कुठे बसतं ते सांगायला नको.

मात्र चघळण्यानं वाफ वाढते. स्वीडनमध्ये सिगरेट सोडण्यासाठी निकोटिनचं च्युइंगम दिवसभर चघळणाऱ्यांच्या रक्तात आणि लघवीत, दाढेत चांदी असेल तर, पारा इतरांपेक्षा जास्त सापडला. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आपला खर्रा आला. सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या पन्नीवर घोटून केलेला तो काळपट ऐवज भंडारा जिल्ह्यात पहाटेपासून गालात असतो. स्वीडनचं च्युइंगम मऊ तरी असतं, आपली सुपारी कानशीसारखी घासते. चांदीवर तासन् तास खर्रा घोळवणाऱ्याच्या तोंडात वाफ जास्त सुटत असणार, हा माझा अंदाज. पण त्या माणसानं पाऱ्याची काळजी करणं म्हणजे पुरात उभं राहून नळ गळतोय म्हणून तक्रार करणं. खर्ऱ्यानं गालाची आतली कातडी आखडते, तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही, आणि मग कर्करोगाची पाळी. तोंडच उघडेना झाल्यावर शेवटच्या दाढेपर्यंत पोचायचं कसं? चांदी भरायची की दुसरं काही, हा प्रश्नच तिथे संपतो.

आता एकेक आजार. सगळ्यात चोख काम झालं ते मुलांवर, आणि 2006 साली ते एकदमच प्रसिद्ध झालं. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात 534 मुलं आणि पोर्तुगालमध्ये लिस्बनच्या कासा पिया शाळांतली 507 मुलं. चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटली. एका गटाला चांदी, दुसऱ्याला दाताच्या रंगाचं कंपोझिट. पुढे पाच ते सात वर्षं त्यांची बुद्धी, स्मरण, हाताची सफाई, नसांचा वेग मोजत राहिले. चांदीवाल्यांच्या लघवीत पारा थोडा जास्त आला, पण डोक्यात फरक सापडला नाही. पुढे काही संशोधकांनी लिस्बनचीच माहिती पुन्हा चाळून, विशिष्ट जनुकीय ठेवण असलेल्या मुलग्यांत पाऱ्याचा थोडा परिणाम दिसतो, असं म्हटलं. तो दरवाजा किलकिला राहिला आहे.

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे नसांवरचं आवरण झिजण्याचा आजार. न्यूझीलंडच्या लष्करातल्या वीसेक हजार लोकांच्या दातांच्या नोंदी तपासल्या. वाढीचा कल दिसला, पण योगायोगाच्या पलीकडे ठामपणे गेला नाही. सगळे अभ्यास एकत्र केले तरी तेच. पुढे चला.

अल्झायमरचा किस्सा मला जास्त आवडतो, कारण त्यात माणसं स्वतःची शंका स्वतःच तपासतात. केंटकी विद्यापीठातल्या मंडळींना 1990 च्या सुमारास अल्झायमरनं गेलेल्यांच्या मेंदूत पारा जास्त आढळला होता. खळबळ उडाली. मग त्याच विद्यापीठातून 1999 मध्ये दुसरा अभ्यास आला. अल्झायमरचे 68 आणि बिनआजाराचे 33 मेंदू, आणि सोबत प्रत्येकाच्या दाढांचा हयातभराचा हिशोब. दाढेतली चांदी, मेंदूतला पारा आणि आजार यांचा मेळ बसला नाही. त्याआधी 75 ते 102 वयाच्या 129 ख्रिस्ती जोगिणींची स्मरणशक्ती तपासली होती, तिथेही तेच.

राहिला कंपवात, म्हणजे मोठ्या मायचा प्रश्न. इथे मात्र हात झटकून मोकळं होता येत नाही. तैवानमध्ये सरकारी विम्यामुळे प्रत्येकाच्या उपचारांची नोंद असते. तिच्यावरून 2016 साली एक लेख आला: चांदी भरलेल्यांत कंपवात दीडपटीच्या आसपास जास्त. त्याआधीच्या वर्षी अल्झायमरवर तसाच एक. त्यात बायकांत किंचित वाढ, पुरुषांत काही नाही. वाचून मीही चपापलो. पण विम्याच्या नोंदीत एका माणसाच्या तोंडात एकूण किती चांदी आहे ते नसतं, बिल केव्हा झालं तेवढं असतं. शिवाय दाताच्या डॉक्टरकडे जाणारा माणूस इतर डॉक्टरांकडेही जातो, त्यामुळे त्याचा आजार लवकर सापडतो. पारा जास्त तसा धोका जास्त, ही चढती पायरी दिसली असती तर गोष्ट वेगळी. म्हणून ही शंका आहे, पुरावा नाही. अशा शंका कपाटात नीट घडी करून ठेवाव्यात, फेकू नयेत आणि अंगावरही घालू नयेत.

आणखी एक गोष्ट आहे, तिला प्रयोगशाळा लागत नाही. मोठ्या मायला मी चहाचा कप दिला. मांडीवर थरथरणारा हात कपाकडे निघाला आणि कंप जवळपास थांबला. कपाचा कान तिनं नीट धरला. पाऱ्याचा कंप उलटा असतो. हात स्वस्थ असताना तो कमी. काही घ्यायला गेलं, सही करायला गेलं की वाढतो, अक्षर वेडंवाकडं होतं. नागपूरच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी तिला हेच सांगितलं आणि गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांनी तिला बराच उतार पडला.

धातूनं नसा बिघडण्याची गोष्ट शोधायचीच तर आमच्या शेजारच्या तुमसर तालुक्यात तिचं नाव जमिनीतच लिहिलेलं आहे. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून मँगनीज निघतं. डोंगरीचं काळं मँगनीज डाय-ऑक्साइड कोरड्या बॅटरीत जातं. ग्लासगोमध्ये 1837 साली जॉन कूपर या डॉक्टरनं हीच पूड दळणाऱ्या कामगारांचं वर्णन केलं होतं: पाय लटपटतात, बोलणं पुटपुटल्यासारखं होतं, चेहरा कोरा पडतो. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की कंपवातासारखा आजार होतो, हे तेव्हापासून पुस्तकांत आहे. त्यावर नेहमीच्या गोळ्याही फारशा चालत नाहीत. दाढेतल्या चांदीवर शंभर संदेश फिरतात, मँगनीजच्या धुळीवर एकही माझ्याकडे आलेला नाही.

मग मोठ्या मायची चांदी काढायची का? जर्मनीत हा प्रयोग रीतसर झाला. चांदीमुळेच आपण आजारी आहोत अशी खात्री असलेली नव्वद माणसं घेतली. एका गटाची चांदी काढली, दुसऱ्याची काढून वर पारा उतरवण्यासाठी म्हणून जीवनसत्त्वं आणि खनिजं भरपूर दिली, उरलेल्यांची चांदी जागीच ठेवून त्यांना आहार, व्यायाम आणि मन शांत ठेवायचे धडे दिले. तिन्ही गटांना सारखाच आराम पडला. शिवाय काढताना जे होतं ते ध्यानात घ्यायला हवं. यंत्र फिरलं की चांदी तापते, भुगा उडतो, आणि एरवी सुटते त्याहून कितीतरी जास्त वाफ काही मिनिटांत तोंडाशी सुटते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं सप्टेंबर 2020 मध्ये दिलेला सल्ला म्हणूनच दुहेरी आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, मुलं, मूत्रपिंडाचे रोगी आणि आधीच कंपवात, अल्झायमर किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस असणारे यांना शक्यतो नवी चांदी भरू नका. पण बसलेली, न तुटलेली चांदी उगाच उकरूही नका.

इथवर रोग्याची बाजू झाली. माझ्या मते या सगळ्या वादात चुकीचा माणूस खुर्चीत बसवला आहे. दाढ भरून घेणारा अर्ध्या तासानं घरी जातो. पारा घोटणारा तिथेच असतो, रोज. भंडारा रस्त्यावरच्या एका वयस्क दंतवैद्यांनी मला जुनी रीत हातवारे करून दाखवली. बाटलीतून पारा खलात ओतायचा, वर पूड, मग घोटायचं. गोळा तळहातावर घेऊन अंगठ्यानं मळायचा. मग फडक्यात गुंडाळून पिळायचा. जास्तीचा पारा कापडातून चकचकीत थेंबांनी गळायचा. थेंब टेबलावर, तिथून जमिनीवर, फरशीच्या सांध्यात. "आम्ही विद्यार्थी असताना उघड्या हातांनी मळायचो," ते म्हणाले. "बोटातली अंगठी पांढरी पडली की वर्गात हसायचो." सोन्याला पारा लागला की ते पांढरं पडतं. तीच वाफ खोलीत भरून राहायची, खिडकी बंद, वर पंखा.

ग्लासगोत 180 दंतवैद्यांची तुलना इतर 180 जणांशी केली. दंतवैद्यांच्या लघवीत पारा चौपटीहून जास्त निघाला, आणि विसरायला होतं अशी तक्रारही त्यांच्यात जास्त होती. मात्र ज्याचा पारा जास्त त्याचीच तक्रार जास्त, असं दिसलं नाही. आपल्याकडे घोटण्याचं काम बहुतेक वेळा बारावी शिकलेल्या मदतनीस मुलीकडे असे. तिची लघवी कोण तपासणार? आता तयार कॅप्सूल आल्या आहेत. पारा आणि पूड आतल्या आत यंत्रात हलवली जाते, हाताला लागत नाही. 2022 मध्ये पाऱ्यावरच्या मिनामाता कराराच्या देशांनी बालीत ठरवलं की दंतवैद्यांनी सुटा पारा वापरू नये, आणि पंधरा वर्षांखालची मुलं, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायका यांना, डॉक्टरला अगदी गरज वाटल्याशिवाय, चांदी भरू नये. भारतानं 2018 मध्ये या कराराला मान्यता दिली आहे.

नॉर्वेनं 2008 मध्ये, युरोपीय संघानं 1 जानेवारी 2025 पासून चांदी जवळपास बंद केली; करारातल्या देशांनी 2025 च्या नोव्हेंबरात जिनिव्हात 2034 ही शेवटची मुदत ठरवली. लोक म्हणतात, बघा, धोका होता म्हणूनच बंद केली ना? कारण मुख्यतः तोंडाबाहेरचं आहे. उकरलेली चांदी बेसिनातून गटारात, गटारातून नदीत, नदीच्या गाळात जिवाणूंकडे, आणि मग माशांत. तिथे तिला मिनामाताचं सोंग मिळतं. शिवाय पारा 357 अंशांना उकळतो आणि चिता त्याहून कितीतरी तापते. ब्रिटनला स्मशानांच्या धुराड्यांवर पारा गाळायची यंत्रं बसवावी लागली. आपल्याकडे चितेला धुराडं नसतं. वैनगंगेच्या काठी जळणाऱ्याच्या दाढेतला पारा सरळ वर जातो आणि पावसाबरोबर कुठेतरी तळ्यात उतरतो. तळ्यांचा जिल्हा म्हणून मिरवणाऱ्या आणि ढिवरांनी धरलेल्या माशांवर जगणाऱ्या भागाला हे समजायला हवं.

चांदीऐवजी काय, याचं उत्तर शहरात सोपं आहे. कंपोझिट दिसायला छान, पण दाढ कोरडी ठेवावी लागते, वेळ आणि पैसा जास्त लागतो, आणि मागच्या दाढांत ते चांदीपेक्षा लवकर निकामी होतं. गावासाठी मला ग्लास आयोनोमर जवळचं वाटतं, ज्याला लोक नुसतं सिमेंट म्हणतात. वीज नाही, यंत्र नाही, हाताच्या अवजारानं कीड खरवडायची आणि भरून टाकायचं, अशी रीत 1980 च्या दशकात टांझानियात बसवली गेली. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये हे सिमेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. आश्रमशाळेच्या व्हरांड्यात बाकावर मूल झोपवून हे करता येतं. आज मात्र घडतं ते असं: दाढ दुखते, बाजारातून गोळी आणतात, मग कुणी आठवडी बाजारात रिंगणीच्या बियांची धुरी देऊन 'कीड' काढून दाखवतो, आणि शेवटी सुजलेला गाल घेऊन माणूस दवाखान्यात येतो तेव्हा दाढ उपटण्यापलीकडे काही उरलेलं नसतं. मोहाडीतल्या किती म्हाताऱ्यांच्या तोंडात चांदी आहे त्यापेक्षा किती जणांच्या तोंडात दाढच नाही, हे मोजणं जास्त उपयोगाचं होईल.

मोठ्या मायला मी सांगितलं, राहू दे चांदी. ती म्हणाली, "मंग तं बरं. फुटाने हेच दाढीनं खातो मी."

त्या वयस्क दंतवैद्यांकडून निघताना त्यांनी टेबलाचा खालचा खण उघडला. आत काचेची एक लहान बाटली होती. तळाशी दोन बोटं पारा, वर पाण्याचा थर, बुचावर पिवळी पडलेली चिकटपट्टी. पंधरा वर्षांत वापरला नाही म्हणाले. बाटली मी हातात घेतली तर मनगट खाली गेलं, इतकी जड. कचऱ्याच्या गाडीवाल्याला द्यायची नाही, नालीत ओतायची नाही, मुलाला दवाखाना चालवायचा नाही. "तुम्ही लेख लिहिताय ना," ते म्हणाले, "तर हे विचारा कुणाला तरी, ही द्यायची कुणाकडे?" मी बाटली परत खणात ठेवली. त्यांनी खणाला कुलूप लावलं.